एका महिन्याची कीर्द

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आणि अवांतर वाचन यांचा छत्तीसचा आकडा असतो, अशी आपल्या महाविद्यालयात एक सर्वमान्य समजूत आहे. आमच्यापैकी कोणी ग्रंथालयात दिसले की कला शाखेची मंडळी विचारतात, "काय, वर्गातला पंखा बंद पडला वाटतं?" या समजुतीला धक्का बसावा असे माझ्या हातून आजवर काही घडले नव्हते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, मराठीत बऱ्यापैकी गुण मिळाले, आणि अकरावीला वाणिज्य शाखेत आल्यावर क्रमिक पुस्तकांबाहेरचे वाचन जवळजवळ संपले. वर्षाकाठी एखादा दिवाळी अंक, तोही व्यंगचित्रे पाहण्यापुरता. त्यामुळे गेल्या मे महिन्यात मी पाच पुस्तके वाचली, आणि तीही मोठ्याने, असे सांगितले तेव्हा मैत्रिणींनी पहिला प्रश्न केला, "आजारी होतीस का गं?"

आजारी मी नव्हते, दोड्डव्वा होती. दोड्डव्वा म्हणजे माझी थोरली काकू. आमच्या घरात कन्नड बोलतात. सोलापूरकर वाचकांना हे समजावून सांगायला नको. आपल्या शहरात एका गल्लीत कन्नड, दुसऱ्या गल्लीत तेलुगू आणि चौकात मराठी हा रोजचाच व्यवहार आहे. आजोबा गिरणी कामगार होते. इथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा माझे दोड्डप्पा, म्हणजे थोरले काका, कापडाचेच काम शोधत मध्य प्रदेशात गेले. सौसर गावाजवळ बोरगावला औद्योगिक क्षेत्र आहे. तिथल्या एका कापड कारखान्यात त्यांना काम मिळाले आणि ते तिथलेच होऊन गेले. एप्रिलमध्ये दोड्डव्वा न्हाणीत घसरून पडली आणि पायाचे हाड मोडले. माझा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी अप्पांनी तिकीट हातात ठेवले. महिनाभर भाकरी थापायला तिथे कोणीतरी हवे होते.

नागपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे सावनेरवरून बस. पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मध्य प्रदेश म्हणून मी प्रवासभर मनातल्या मनात हिंदीची उजळणी करत होते. सौसरच्या थांब्यावर उतरले आणि कानावर पहिले वाक्य पडले ते "सरकून घे ना बाप्पा, पोट्टी उतरून राहिली!" माझी सगळी उजळणी फुकट गेली. पाट्या हिंदीत आणि बोलणे मराठीत, असा तिथला बेत होता.

दोड्डप्पा ज्या घरात भाड्याने राहतात त्याचे मालक म्हणजे एक निवृत्त शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर. सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही गुरुजीच म्हणेन. त्यांनी त्या भागातल्या मराठी शाळांतून चौतीस वर्षे शिकवले. गुरुमाऊली गेल्या, मुले नोकरीनिमित्त बाहेरगावी. एक डोळा काचबिंदूने केव्हाच गेलेला आणि दुसऱ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मी पोचण्याच्या आठवडाभर आधी झालेले. महिनाभर वाचायचे नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी थेंब घालून मी निघाले, तर गुरुजी म्हणाले, "बाई, तू मराठी शाळेतली ना? मग जरा पेपर वाचून दाखव." पेपर वाचून झाला. मग म्हणाले, "त्या कपाटातून वरच्या फळीवरचं डावीकडून तिसरं पुस्तक काढ."

त्या कपाटाविषयी सांगितले पाहिजे. शिसवी लाकडाचे, काचेची दारे असलेले, आत तीनेकशे पुस्तके. बहुतेक नागपूरच्या सीताबर्डीवरून घेतलेली. नागपूर ते छिंदवाडा अशी अरुंद रुळांची छोटी गाडी सौसरवरून जायची. ती २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि त्या मार्गावर मोठे रूळ आले. पगार झाला की गुरुजी त्या छोट्या गाडीने नागपूरला जात, एक पुस्तक घेत आणि परतीच्या प्रवासात अर्धे संपवत. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तारीख, किंमत आणि त्याखाली रेल्वेच्या तिकिटाचे पैसे मांडलेले. शेवटी बेरीज. ते पाहून माझ्यातली वाणिज्य शाखा जागी झाली. मालाच्या खरेदी किमतीत वाहतूक खर्च धरायचा असतो, हे गुरुजींना कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय ठाऊक होते! त्याच रात्री मीही एका वहीत रकाने आखले. तारीख, पुस्तक, पाने, वेळ, शेरा. ही माझी कीर्द. आज हा लेख लिहिताना तीच समोर उघडी आहे.

पहिली नोंद २ मेची. डावीकडून तिसरे पुस्तक निघाले विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण. घराला कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार असे कळल्यावर १८५७ साली काकांना सोबत घेऊन हा गृहस्थ उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडात सापडला. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा तो झाशीत होता. त्याने ही हकीकत १८८३ मध्ये लिहून काढली आणि ती छापली गेली १९०७ मध्ये. जुनी भाषा. पहिल्या दिवशी मी पानागणिक चार वेळा अडखळले. गुरुजी डोळे मिटून खुर्चीत बसलेले. "काहून थांबली? वाक्य संपलं नाही अजून. श्वास पुरवून वाच."

दोड्डव्वाचा मुलगा नववीत, हिंदी माध्यमात. तो सुरुवातीला उंबऱ्यावर बसून भ्रमणध्वनीशी खेळत होता. झाशीचे प्रकरण आले तसा तो आत सरकला. सुभद्राकुमारी चौहान यांची झाशीच्या राणीवरची कविता त्याला हिंदीत तोंडपाठ. पण ज्याने ते शहर जळताना डोळ्यांनी पाहिले असा माणूस मराठीत बोलतो आहे, हे त्याला नवे होते. "ये सच में वहाँ था क्या?" त्याने विचारले. गुरुजी म्हणाले, "होता. अन् मराठीतच घाबरला होता."

गोडसे भटजी वाटेत किती वेळा लुटले गेले त्याची मी वहीत नोंद ठेवू लागले आणि शेवटी सोडून दिली. कर्ज फेडायला निघालेला माणूस जवळजवळ रिकाम्या हाताने घरी येतो. आणतो काय, तर गंगेच्या पाण्याची कावड, आईवडिलांसाठी, इतक्या लांबून खांद्यावर वाहून. आमच्या शास्त्राप्रमाणे हा व्यवहार तोट्याचा. शेऱ्याच्या रकान्यात मी तसे लिहिले. गुरुजींनी शेरा वाचून दाखवायला सांगितला आणि ऐकून नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"मुळे मी शेरा खोडला. दुसरा काय लिहावा ते मात्र सुचले नाही. ती जागा वहीत आजही कोरी आहे.

दुसरे पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी'. १९५५ चे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर नेमणुकीवर येतो, मेंढरांमागे जाणाऱ्या मुलांना शाळेत बसवतो, गावाला जमवून तालीम बांधतो आणि मग दुष्काळात ती सगळी वस्तीच उठून जाते. माणदेश आपल्या सोलापूरला लागून आहे. मी त्या रस्त्याने पंढरपूरच्या पुढे कितीदा गेले असेन, पण हे पुस्तक मी उघडले ते मध्य प्रदेशात, आणि गुरुजींची मात्र त्याची तिसरी खेप होती. शेवटच्या पानांवर त्यांनी मला थांबवले आणि आपल्या पहिल्या शाळेची गोष्ट सांगितली. एक खोली, चार वर्ग, एकच मास्तर. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी मुले गायब. "माझी वाडी दुष्काळानं नाही उठली," ते म्हणाले. "घरं जागेवर आहेत, माणसं आहेत. पोरं मराठी शाळेतून उठून गेली, बस. अन् काहून जाऊ नयेत? पुढं कॉलेज हिंदीत, नोकरी हिंदीत. मी कोणाच्या बापाला कोणत्या तोंडानं अडवू?"

मग त्यांनी १९५६ सालाची हकीकत सांगितली. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी अशा दोन राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. गुरुजी तेव्हा तिसरीत होते. त्यांच्या घरापुरते म्हणाल तर काहीच हलले नाही. विहीर तीच, बैल तेच. फक्त नागपूर परराज्यात गेले.

हे ऐकताना मला आमच्या अज्जीची आठवण झाली. अज्जीचे माहेर इंडी तालुक्यातले. त्याच १ नोव्हेंबरला विजापूर, बेळगाव, धारवाड आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि सोलापूर मुंबई राज्यात राहिले. अज्जी लग्न होऊन सोलापूरला आली ती राज्याची हद्द ओलांडून. एकाच तारखेने गुरुजींना एका टोकाला आणि अज्जीला दुसऱ्या टोकाला काठावर ठेवले होते, आणि त्या दोघांची पुस्तके ऐकणारी-वाचणारी मी, मला ती तारीख नागरिकशास्त्राच्या परीक्षेपुरती ठाऊक होती.

११ मेपासून 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत निघाले. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. नवरा कवी, लहरी, आज नागपुरात तर उद्या राजनांदगावात. १८९५ मध्ये त्याने धर्मांतर केले आणि या बाईवर आकाश कोसळले. इतके सगळे सोसलेली बाई लिहिते मात्र अशी की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. गुरुजी एकदा इतके हसले की ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी वाहू लागले. आतून दोड्डप्पा धावत आले आणि माझ्यावर ओरडले, "टाके बिके तुटले म्हणजे?" त्या दिवशीच्या नोंदीत शेरा आहे: 'वाचन वैद्यकीय कारणास्तव स्थगित.'

या पुस्तकाने मला आत कुठेतरी टोचलेही. ते काय होते ते तेव्हा कळले नाही. एक बाई संसाराच्या धबडग्यात, वय वाढल्यावर अक्षरे शिकते आणि पुढे त्याच अक्षरांतून असा ग्रंथ लिहिते, एवढेच मनात राहिले.

तिसऱ्या आठवड्यात गुरुजींना तपासणीसाठी पांढुर्ण्याला न्यायचे होते. तिथून जवळच त्यांच्या धाकट्या भावाची संत्र्याची बाग आहे. दोन दिवस मुक्काम ठरला आणि वाचणारी म्हणून माझीही वर्णी लागली. पांढुर्णा म्हटले की बाहेरच्यांना गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, आणि आजवर काहींचे जीवही गेले आहेत. मी गेले तेव्हा नदीच्या पात्रात फक्त ऊन होते.

बागेत गेले तर झाडे मलूल, पाने गळायला आलेली. मला वाटले, पाणी आटले असावे. गुरुजींचे भाऊ हसले. "पाणी आहे. मुद्दाम तोडलं." मृग बहार धरायचा तर मे महिन्यात झाडाला ताण द्यावा लागतो. झाड आठवडेच्या आठवडे तहानलेले ठेवायचे आणि पाऊस पडला की त्याला फुले येतात. ताण कमी पडला तर फूल येत नाही आणि जास्त झाला तर झाडच जाते. "अन् पाऊस लांबला तर?" मी विचारले. ते काही बोलले नाहीत.

त्या रात्री अंगणात खाटा टाकून मी सदानंद देशमुखांची 'बारोमास' वाचायला घेतली. २००२ ची ही कादंबरी, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. विदर्भातल्या शेतकरी घरातला एकनाथ पुष्कळ शिकतो, नोकरी मिळत नाही आणि जी शेती सोडून जायचे स्वप्न पाहिले त्याच शेतीत राबत राहतो. गुरुजींच्या भावाचा मुलगा खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत होता. वय तिशीचे. तोही बी.एड. झालेला आणि आता बाग पाहणारा. हे मला कोणी सांगितलेले नव्हते. मी आपली सुरात वाचत होते. मध्येच तो उठला, मोटारीचे बटण बघून येतो म्हणाला आणि अंधारात निघून गेला. पाणी तर तोडलेले होते. मोटार कशाची बघणार? मी थांबले. त्याची आई हळूच म्हणाली, "वाच तू. त्याचंच आहे ते, म्हणून गेला."

त्या रात्रीची नोंद: 'पाने १८.' शेरा नाही. पुस्तक माणसाला इतके लागू शकते हे मी प्रथमच पाहिले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'वास्तववादी कादंबरी' असे शब्द मी लिहिले आहेत. ते शब्द किती स्वस्तात लिहिले होते, ते त्या अंगणात कळले. सकाळी तो मुलगा स्वतःहून म्हणाला, "ताई, ते पुस्तक इथंच राहू द्या. मी वाचतो. माझं मी." गुरुजींनी मान हलवली. म्हणून माझ्या वहीत 'बारोमास' अर्धीच आहे. बाकी अर्धी मी इथे आल्यावर आपल्या ग्रंथालयातून घेऊन संपवली.

सौसरला परतलो आणि २३ मेला ती गोष्ट घडली जिच्यासाठी हा सगळा लेख लिहिते आहे.

गुरुजी म्हणाले, "बाई, तुम्ही सोलापूरचे. तुमच्या सिद्धेश्वरांची वचनं कन्नडात आहेत ना? इतके दिवस मी मराठी ऐकून राहिलो. आज एक वचन म्हण. कन्नड कसं वाटतं कानाला, ऐकू तर दे."

बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर आपल्या सोलापूरचे ग्रामदैवत. तळ्यातल्या त्यांच्या मंदिरात मी लहानपणापासून जाते, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत न चुकता असते. त्यांची वचने कन्नडात आहेत हेही ठाऊक होते. अज्जीकडे त्यांचे जाडसर पुस्तक आहे, पिवळ्या फडक्यात बांधलेले. मी म्हणाले, "गुरुजी, मला पाठ नाही. आणि मला कन्नड वाचता येत नाही."

"बोलता येते ना? घरी बोलता म्हणाली."

"बोलता येते. वाचता येत नाही. शाळा मराठी होती."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तू आमच्या या पोट्ट्याच्या उलट." माझा चुलतभाऊ जवळच होता. खरेच होते ते. तो मराठी पुस्तक धडाधड वाचू शकत होता, कारण हिंदी आणि मराठीची लिपी एकच. पण निम्मा अर्थ निसटायचा. मला कन्नड सगळे समजते आणि एक अक्षर वाचता येत नाही. त्याच्या वाटेत भिंत नाही म्हणून मराठी कधी सुटली ते त्याला कळले नाही. माझ्या वाटेत लिपीची भिंत आहे, आणि वीस वर्षांत तिच्यावर चढून पाहावे असे मला वाटले नाही.

खरी टोचणी वेगळीच होती. अज्जीचीही दृष्टी गेल्या वर्षापासून मंदावली आहे. चौथीपर्यंत शिकलेली, रोज सकाळी ते पिवळ्या फडक्यातले पुस्तक वाचणारी. आता ती पुस्तक मांडीवर उघडे ठेवते आणि आठवेल ते म्हणते. दोन-तीनदा तिने मला हाक मारली होती, "ओदव्वा, इल्ली ओदु." वाच गं बाई, इथे वाच. मी दरवेळी "बरल्ला अज्जी," येत नाही, म्हणून अभ्यासाला निघून गेले. परक्या गावी एका परक्या वृद्धाला मी तीन आठवडे रोज वाचून दाखवत होते, सगळे माझे कौतुक करत होते, आणि माझ्या घरची म्हातारी पुस्तक उघडून बसून होती.

गुरुजींना मी हे सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. कपाटातून त्यांनी 'वंशवृक्ष' काढायला लावले. एस. एल. भैरप्पा यांची १९६५ ची कन्नड कादंबरी, मराठी अनुवाद उमा कुलकर्णी यांचा. उमाताईंचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून ध्वनिफितीवर उतरवून ठेवत आणि उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत लिहीत, अशी त्यांची पद्धत. विरूपाक्ष स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करणारे. हे गुरुजींना माहीत होते, मला नव्हते. "कानानं सुरुवात होते बाई," ते म्हणाले. "मी आता कानानंच वाचून राहिलो ना?"

त्या संध्याकाळी आम्ही अज्जीला फोन लावला. फोन मध्ये ठेवला. अज्जी आधी लाजली, मग घसा साफ करून तिने एकामागून एक वचने म्हटली. मी प्रत्येक ओळ मराठीत सांगत गेले. कुठे शब्द जुना निघाला की दोड्डव्वा प्लास्टरचा पाय सावरत आतून अर्थ पुरवी. गुरुजींनी मध्येच विचारले, "तुमच्यातही ळ आहे का?" आहे, म्हणाले. ते खूश झाले. हिंदीत ळ नाही म्हणून जन्मभर त्यांची मुलांशी लढाई झालेली.

नंतरचा आठवडा 'वंशवृक्षा'चा. नंजनगूडचे श्रोत्री, कपिला नदीत बुडालेला त्यांचा तरुण मुलगा, मागे राहिलेली सून कात्यायनी आणि तिचे पुन्हा कॉलेजात जाणे. मराठी वाक्यांच्या मागून मला आमच्या घरातले कन्नड ऐकू येत होते. आता चुलतभाऊही आळीपाळीने वाचू लागला. त्याच्या वाचनात एक गंमत होती. 'चार' आणि 'चाक' यांतला च तो एकसारखाच उच्चारी. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आणि अक्षर एकच. कोणता कुठे, हे छापलेल्या पानावर कुठेच लिहिलेले नसते. ते कोणाच्या तरी तोंडूनच घ्यावे लागते. गुरुजी त्याला एकेक शब्द दहादा म्हणायला लावत. तो कुरकुरे, पण उठून जात नसे.

१ जूनला मी निघाले. आदल्या दिवशी गुरुजींना चष्मा मिळाला होता. आम्ही सगळे भोवती उभे. त्यांनी पेपर उचलला. मथळा वाचला. खालचा मजकूर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उजेडाकडे वळवला आणि घडी करून ठेवला. "मोठी अक्षरं दिसतात," म्हणाले. "पुष्कळ झालं." पुस्तकातली अक्षरे त्यांना आता दिसायची नाहीत हे सगळ्यांना कळले. कोणी बोलले नाही. चुलतभावाने 'वंशवृक्ष' उचलले आणि म्हणाला, "आज मैं पढ़ूँ?" मग स्वतःच दुरुस्त केले, "आज मी वाचू?"

ते पुस्तक मात्र गुरुजींनी संध्याकाळी माझ्या पिशवीत घातले. राहिलेली पाने मी वाचायची आणि परत करायला स्वतः यायचे. येताना एक वचन कन्नड पुस्तकात पाहून, वाचून दाखवायचे. पाठ केलेले चालणार नाही, अशी अट. पोट्ट्याला त्यांनी दुसरे पुस्तक काढून दिले.

आमच्या पुस्तपालनात पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात: घेणारा नावे, देणारा जमा. महिन्याच्या अखेरीस मी कीर्दीवरून खतावणी करायला बसले. वाटले होते की थेंब घातले, पुस्तके वाचली, भाकऱ्या थापल्या, तेव्हा गुरुजींच्या खात्यावर माझे काही येणे निघेल. खाते मांडले तर उलटेच निघाले. आणि अज्जीच्या नावाचे पान उघडले तर तिथे वीस वर्षांचे देणे होते, एकही नोंद न केलेले.

परत आल्यापासून अज्जी मला कागुणित शिकवते आहे, म्हणजे बाराखडी. क, ख, ग, घ हा क्रम तोच आहे, म्हणून सोपे जाते. अक्षरांची वळणे मात्र सगळी गोल, आणि ए व ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन प्रकार, जे आपल्या मराठी लेखनात नाहीत. अज्जीला अक्षर दिसत नाही, म्हणून मी तिच्या तळहातावर बोटाने गिरवते. चुकले की ती त्याच हाताने माझ्या हातावर चापट मारते. सौसरहून दर रविवारी फोन येतो. चुलतभाऊ 'बनगरवाडी' वाचून संपवत आला आहे, आणि दोड्डव्वा चालू लागली आहे.

आपल्या या वार्षिक अंकाचे दोन विभाग असतात, मराठी आणि कन्नड. दोन वर्षे हा अंक माझ्या हातात पडतो आहे, आणि दोन्ही वर्षे मी त्याची निम्मी पाने नुसती उलटली. त्यात माझ्याच वर्गातल्या दोन मैत्रिणींचे लेख होते. यंदाचा अंक आला की कन्नड विभागाचे पहिले पान मी वाचणार आहे. एका पानाला तासभर लागेल असा अंदाज आहे. वहीत तारीख आणि पाने यांचे रकाने आखून ठेवले आहेत.

(बी. कॉम. भाग २)